सोरा : कोठारातून ताटात

पावसाळा ओसरून जमीन वाळू लागली, की उत्तर बिहारातील तिरहुत, सारण आणि चंपारण या मुलखांमधल्या गावांच्या मातीच्या भिंतींवर, गोठ्यांच्या दारांशी आणि जुन्या वस्तीच्या मोकळ्या जागांवर एक पांढुरका फुलोरा उमटू लागे, आणि त्याची वाटच पाहत असलेली नोनिया जातीची कुटुंबे खुरपी व टोपल्या घेऊन गावात शिरत. जमिनीचा वरचा पातळ थर तेवढा खरवडायचा, खालच्या मातीला धक्का लावायचा नाही आणि त्याच जागी पुन्हा फुलोरा धरला म्हणजे पुन्हा यायचे, असा त्यांचा पिढीजात शिरस्ता होता. या खरवडलेल्या मातीतून जे मीठ निघे ते सोरा. रसायनशास्त्राच्या परिभाषेत पोटॅशियम नायट्रेट. अलीकडे बीटाचा रस किंवा पालेभाज्यांचा अर्क नियमाने घेतल्यास शरीराचे वजन उतरते असे जे सांगितले जाते, त्या सांगण्याच्या मुळाशी असलेले द्रव्यही नायट्रेटच होय. तोफेच्या दारूत पडणारे आणि भाजीच्या देठात साठणारे द्रव्य एकच आहे, ही गोष्ट ऐकणाऱ्यास प्रथम खरी वाटत नाही. परंतु मनुष्याचा या द्रव्याशी जो कित्येक शतकांचा व्यवहार झाला तो नीट पाहिला, तर वजनाविषयीच्या आजच्या दाव्याचे मोल ठरविणे पुष्कळच सोपे होते, म्हणून तो व्यवहार येथे थोडा विस्ताराने मांडतो.

हा फुलोरा महाराष्ट्रालाही अपरिचित नाही. जुन्या वाड्यांच्या भिंतींना जो लोणा लागतो त्यात इतर क्षारांबरोबर बहुधा नायट्रेटही असते, आणि पिढ्यान्पिढ्यांची राख, शेण, मूत्र व केरकचरा जिच्यात मुरला आहे अशा गावठाणाच्या पांढरीची माती गाड्या भरभरून काळ्या रानात नेऊन टाकण्याची आपल्या शेतकऱ्यांची रीत फार जुनी आहे. प्राचीन वसाहतींची टेकाडे खताच्या लोभाने पोखरली गेली याची हळहळ पुरातत्त्वज्ञांनी वारंवार व्यक्त केली आहे आणि ती रास्तच आहे. पण त्या मातीने पीक जोमदार येते हा शेतकऱ्याचा अनुभवही तितकाच खरा होता. मनुष्य व गुरे एका जागी दीर्घकाळ नांदली, की त्यांच्या मूत्रातील नत्र जमिनीत उतरते, आणि जमिनीतील सूक्ष्म जंतू त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. हे कार्य निव्वळ रासायनिक नसून सजीवांचे आहे, हे १८७७ साली श्लोझिंग आणि म्युंट्स या फ्रेंच संशोधकांनी दाखवून दिले. वाळूच्या थरातून गटाराचे पाणी झिरपत ठेवले असता त्यात नायट्रेट तयार होई, आणि त्याच वाळूवर क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ते तयार होणे बंद पडे. एवढ्या साध्या प्रयोगाने जंतूंचे अस्तित्व सिद्ध झाले. ते जंतू प्रत्यक्ष वेगळे काढण्याचा मान पुढे १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाकडे गेला. बिहारात दाट वस्ती, भरपूर गुरे, उबदार जमीन आणि पावसापाठोपाठ येणारा दीर्घ कोरडा ऋतू यांचा असा काही संयोग जुळून आला होता, की मातीच्या पोटात तयार झालेला सोरा ओलाव्याबरोबर वर चढे आणि पाणी उडून गेले म्हणजे पृष्ठभागावर आपोआप फुलून येई.

नोनियाची कारागिरी याच्या पुढची. अंगणाच्या एका बाजूला तो जाड मातीच्या भिंतीचे एक उथळ हौद्यासारखे गाळणे बांधी; त्यास कोठी म्हणत. तळाशी विटांवर बांबूच्या कामट्यांची ताटी, तिच्यावर गवताचा थर, आणि त्यावर लाकडाची राख मिसळलेली ती खरवडलेली माती पायांनी हलकेच तुडवून बसविलेली, अशी तिची रचना असे. तुडवणे थोडे कमी झाले तर पाणी वाट काढून भसकन निघून जाई आणि जास्त झाले तर झिरपणेच खुंटे, तेव्हा पायाच्या अंदाजावर सगळा माल अवलंबून. वरून पाणी सोडले म्हणजे ते रात्रभर सावकाश उतरे आणि सकाळी खालच्या नांदेत पिंगट रंगाचा खारा द्रव जमलेला असे. पाला, काटक्या, जे मिळेल ते जळण लावून हा द्रव कढईत आटवावयाचा आणि मातीच्या परळांत निवत ठेवावयाचा, की काड्याकाड्यांचा मळकट असा कच्चा सोरा बसे. राखेचे प्रयोजन काय, हे त्या कारागिराला कोणी शिकविले नव्हते. पण राखेतील पोटॅश मातीतल्या चुन्याच्या नायट्रेटशी संयोग पावून त्याचा खरा सोरा करते, हे आज कोणताही रसायनाचा विद्यार्थी सांगेल. कच्च्या मालाची शुद्धी करणारा कारखानदार वेगळा असे. सोरा उकळत्या पाण्यात अतोनात विरघळतो आणि गार पाण्यात फारच थोडा, उलट खाण्याचे मीठ दोहोंत जवळजवळ सारखेच विरघळते. १०० भाग पाण्यात शून्य अंशाला सुमारे १३ भाग सोरा राहतो, तर उकळीला २४० भागांहूनही अधिक. या एका भेदावर त्याचे सर्व काम चाले. उकळत्या द्रवातून मीठ तळाशी बसे, वरचा द्रव लाकडी पिंपात काढून निववला, की लांब स्वच्छ स्फटिक धरत, आणि त्या मालाला कलमी सोरा हे नाव मिळे. मागे राहिलेल्या मिठावर पुढे इंग्रज सरकारच्या मिठाच्या खात्याची नजर गेली, आणि मीठ चोरून विकले जाऊ नये म्हणून सोऱ्याच्या कारखान्यांना परवाने, जकात व तपासनीस यांचा जाच लागला.

ही कृती किती जुनी, याचा एक भक्कम पुरावा अबुल फजलच्या आईन-इ-अकबरीत आहे. छिद्रांच्या भांड्यात खारी माती भरावी, वरून पाणी ओतावे, झिरपलेला द्रव उकळून त्याचे स्फटिक करावेत, असे तेथे थोडक्यात नमूद केले आहे. परंतु ग्रंथकाराला त्यात रस आहे तो तोफखान्यासाठी नव्हे, तर आबदारखान्यासाठी. पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा टाकावा, एक शेर पिण्याचे पाणी धातूच्या सुरईत भरून तिचे तोंड बंद करावे आणि ती सुरई त्या द्रवात पाव तासापर्यंत फिरवीत राहावी, म्हणजे आतले पाणी थंडगार होते. सोरा विरघळताना भोवतालची उष्णता शोषून घेतो, एवढेच त्याचे मर्म. दर पाहिला तर एका रुपयाला पाऊण मणापासून चार मणांपर्यंत सोरा मिळे, म्हणजे माल मुबलक होता. आग भडकविणारे द्रव्य पाणी गार करण्यास वापरावे, या गोष्टीचे अबुल फजलला वाटलेले कौतुक त्याच्या लेखणीतून स्पष्ट दिसते. बादशहाचा मुक्काम लाहोरास गेल्यावर तेथे पहाडातले बर्फ येऊ लागले आणि सोऱ्याची ही सेवा मागे पडली.

पुढची दोन शतके मात्र सोऱ्याची ओढ लागली ती बंदुकीच्या दारूसाठीच. दारूत तीन चतुर्थांश भाग सोरा आणि उरलेल्यात कोळसा व गंधक. सोरा नसेल तर किल्ला, जहाज आणि तोफ तिन्ही निरुपयोगी. महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या आज्ञापत्रात दारूचे कोठार राहत्या घरांपासून अंतरावर असावे म्हणून जी सक्त ताकीद दिली आहे, तीवरून या मालाचे मोल व भय दोन्ही कळतात, आणि मुंबईत माझगावजवळच्या वस्तीला दारूखाना हे नाव आजही आहे. इंग्लंडात १७ व्या शतकाच्या पूर्वार्धात राजाच्या परवान्याने फिरणारी सोरेवाली माणसे लोकांच्या तबेल्यांत व कबुतरखान्यांत शिरून जमीन उकरीत, आणि पहिल्या चार्ल्स राजाने तर १६२६ साली प्रजेने मूत्र साठवून ठेवावे असा जाहीरनामा काढला होता. बिहारचा माल समुद्रमार्गे येऊ लागला तेव्हा कुठे त्या देशाची या त्रासातून सुटका झाली. पाटण्याला इंग्रजांची वखार होती, तशी डचांचीही होती. तावेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या १६६५ च्या अखेरीस त्या बाजूला गेला तेव्हा पाटण्याच्या वरच्या अंगाला छपऱ्यास डच लोक सोरा शुद्ध करीत असल्याचे त्याने पाहिले. पुढे कलकत्त्याचा पाया घालणारा जॉब चार्नॉक हाच कित्येक वर्षे पाटण्याच्या वखारीचा मुख्य होता. माल गंगेतून नावांनी हुगळीस जाई आणि तेथून जहाजांच्या तळाशी नीरम म्हणून भरला जाई, त्यामुळे वाहतुकीचा खर्चही हलका पडे. १६९३ च्या सनदेने कंपनीवर दरसाल ५०० टन सोरा सरकारी दारूखान्यास पुरविण्याची अट घातली. प्लासीनंतर १७५८ साली मीर जाफरकडून बिहारच्या सोऱ्याचा मक्ता कंपनीने आपल्या हाती घेतला, तेव्हा या व्यापाराचे स्वरूप पार पालटले. डच व फ्रेंच यांना माल मिळेल तो इंग्रजांच्या मर्जीने. आणि नोनियाला गिऱ्हाईक उरले ते एकच. दादनी म्हणून आगाऊ रक्कम उचलावयाची, ठरल्या भावाने माल घालावयाचा आणि पाऊस लांबून फुलोरा कमी आला तर बाकी डोक्यावर घेऊन पुढच्या सालाची वाट पाहावयाची, हेच त्याच्या वाट्याला आले. युरोपातील मोठमोठी युद्धे ज्याच्या मालावर लढली गेली, त्याच्या घरात त्यातले काही आले नाही, आणि इतिहासाच्या पुस्तकांतही त्याचे नाव शोधावे लागते, याचा विषाद वाटल्यावाचून राहत नाही.

या धंद्याचा ऱ्हास लवकर सांगून होण्याजोगा आहे. १८३० नंतर दक्षिण अमेरिकेच्या वाळवंटातील सोडियम नायट्रेट जगाच्या बाजारात येऊ लागले. त्यासाठी चिली, पेरू आणि बोलिव्हिया यांच्यात १८७९ ते १८८३ असे युद्ध झाले. आणि १९०९ साली हाबर याने हवेतील नत्रापासून अमोनिया करण्याची रीत साधल्यावर १९१३ मध्ये जर्मनीत ओप्पाऊ येथे तिचा कारखाना सुरू झाला. तिरहुतातीलच पुसा येथील शेतकी संस्थेत काम करणाऱ्या लेदर या रसायनशास्त्रज्ञाने १९११ च्या सुमारास देशी सोऱ्याच्या धंद्याची बारकाईने पाहणी केली, तेव्हा तो धंदा शेवटच्या घटका मोजीत होता. पहिल्या महायुद्धाने त्याला थोडी धुगधुगी दिली, एवढेच.

आता सोरा पोटात कसा गेला ते पाहू. आपल्याकडे तो औषध म्हणून गेला. लघवी अडखळत असेल तर वैद्य ज्या श्वेतपर्पटीची योजना करतात तिचा मुख्य घटक सोराच. तुरटी व नवसागर हे तिचे जोडीदार. मात्रा गुंजांत मोजावयाची आणि पुष्कळ पाण्याबरोबर द्यावयाची, हा दंडक वैद्यांनी कटाक्षाने पाळला. युरोपात तो मांसाबरोबर गेला. मिठात मुरविलेल्या मांसाला थोडा सोरा लावला तर ते करडे न पडता तांबूस राहते आणि कुजतही नाही, हे तेथील खाटकांना कित्येक पिढ्या ठाऊक होते. तीच रीत गोव्याच्या ख्रिस्ती स्वयंपाकघरांत खारवलेल्या जिभेच्या पाककृतीतून आणि उत्तर हिंदुस्थानातील गोऱ्या साहेबांच्या नाताळातील मसालेदार मांसातून रूढ झाली. कराचीकडे अजूनही त्या मांसासाठी वाण्याकडे कलमी सोराच मागतात. या लालीचे कारण १८९१ पासून उलगडत गेले. बर्लिनच्या पोलेन्स्के यास खारवणीच्या पाण्यात नायट्राइट सापडले, म्हणजे जंतूंनी सोऱ्यातील प्राणवायूचा एक अंश काढून घेतला होता. आणि १९०१ साली हॉल्डेन यांनी दाखविले की त्यातून निघणारा नायट्रिक ऑक्साइड वायू मांसातील रक्तद्रव्याशी जखडला जाऊन तो रंग येतो. म्हणजे मांस टिकविणारे द्रव्य सोरा नव्हे, त्याचे नायट्राइट. ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी, कारण शरीरातही नेमके हेच घडते.

सोऱ्याच्या दुष्परिणामांची नोंद प्रथम गुरांच्या बाबतीत झाली. १८९५ साली अमेरिकेतील कॅन्सस प्रांतात मक्याची वाळलेली ताटे खाऊन गुरे मेली, तेव्हा मेयो या पशुवैद्याला त्या ताटांत सोरा साठलेला आढळला. मग १९४५ साली आयोवा प्रांतातील कॉमली या डॉक्टराने विहिरीच्या पाण्यात कालवलेले दूध पिणारी तान्ही मुले निळी पडत असल्याचे प्रसिद्ध केले. पाण्यातील नायट्रेटचे नायट्राइट होते, ते रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहण्यास असमर्थ करते आणि अंगावर निळी झाक येते. १९५६ मध्ये मॅगी व बार्न्स यांनी नायट्रोसामीन जातीच्या एका द्रव्याने उंदरांच्या यकृतात कर्करोग होतो असे दाखविले, आणि नायट्राइटपासून अशी द्रव्ये पोटात तयार होऊ शकतात हे कळल्यावर या मिठाकडे जग संशयाने पाहू लागले. या सर्व भयकथांच्या मधोमध एक शांत व महत्त्वाचे संशोधन मात्र दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. इलिनॉय येथील मिचेल याने १९१६ सालीच दाखवून दिले होते, की मनुष्य जेवढे नायट्रेट खातो त्याहून अधिक लघवीवाटे बाहेर टाकतो. याचा अर्थ शरीर ते स्वतः तयार करते. जे द्रव्य शरीर आपणहून घडविते ते केवळ विष असेल, हे संभवत नाही. हा धागा पुन्हा हाती यायला कित्येक दशके जावी लागली.

वजनाचा प्रश्न या इतिहासात अगदी मोक्याच्या ठिकाणी येतो, आणि तो येतो उलट्या बाजूने. अन्नात नायट्रेट किती चालेल हे ठरवावयाचे तर त्याचा पहिला उपद्रव कशावरून ओळखावा? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील लेहमन यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उंदरांना दोन वर्षे सोडियम नायट्रेट मिसळलेले खाद्य दिले होते. खाद्याच्या शंभर भागांत एक भाग असेपर्यंत काही दिसले नाही. पाच भाग झाल्यावर उंदरांची वाढ किंचित खुंटली, म्हणजे त्यांचे वजन भरावे तितके भरले नाही. हेच पहिले लक्षण धरले गेले. निरुपद्रवी ठरलेल्या मात्रेला शंभराने भागून आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ-समितीने १९६२ मध्ये मर्यादा बांधली ती शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ३.७ मिलिग्रॅम नायट्रेट, आणि तीच अद्याप चालू आहे. ६० किलो वजनाच्या मनुष्याला ती २२२ मिलिग्रॅम पडते. आजच्या दाव्याचा विचार करताना हे विसरता कामा नये, की खाण्यातल्या नायट्रेटने प्राण्याचे वजन भरत नाही ही गोष्ट प्रथम गुण म्हणून नव्हे, उपद्रव म्हणून नोंदली गेली, आणि तीही अन्नाच्या विसाव्या हिश्शाइतके मीठ चारल्यावर.

पुढे दृष्टी पालटली. रक्तवाहिन्या सैल करणारा संदेश नायट्रिक ऑक्साइड हा वायू पोचवितो, हे सिद्ध झाले आणि त्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधी १९९४ साली ब्रिटनमधील व स्वीडनमधील संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखविले, की जठरात हा वायू गिळलेल्या लाळेतील नायट्राइटपासून उत्पन्न होतो. आपण खाल्लेले नायट्रेट रक्तात जाते. लाळग्रंथी त्याचा सुमारे चतुर्थांश रक्तातून उचलून पुन्हा तोंडात सोडतात. जिभेच्या मागच्या भागावर वस्ती करणारे जंतू त्याचे नायट्राइट करतात. ते गिळले गेले, की आम्लात त्याचा वायू होतो आणि काही भाग रक्तात जाऊन तेथे काम करतो. जंतुनाशक औषधाने चुळा भरल्या तर ही सारी साखळी जवळजवळ थांबते, असेही प्रयोगांत आढळले आहे. तिरहुतच्या मातीत जंतू मूत्रातून नायट्रेट घडवीत होते, खारवणीच्या पिंपात जंतू नायट्रेटचे नायट्राइट करीत होते, आणि तेच दुसरे काम आपल्या जिभेवर रात्रंदिवस चालू असते. या द्रव्याचा इतिहास जंतूंवाचून कुठेच पुरा होत नाही.

वजन उतरण्याची आशा उत्पन्न झाली ती येथूनच. २०१० साली स्टॉकहोमच्या कार्लस्ट्रॉम व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा उंदरांवर प्रयोग केला, की ज्यांच्या रक्तवाहिन्यांत नायट्रिक ऑक्साइड बनविणारे मुख्य विकरच जन्मतः नव्हते. काही आठवडे पाण्यातून थोडे नायट्रेट दिल्यावर त्यांच्या पोटातील चरबी व रक्तातील मेद उतरला. २०१५ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी, नायट्रेटने उंदरांची साठवणीची पांढरी चरबी उष्णता निर्माण करणाऱ्या तपकिरी चरबीसारखी वागू लागते, असे प्रसिद्ध केले. कल्पना मनोहर होती आणि काम चोख होते, यात शंका नाही. परंतु मनुष्यावरील निरीक्षणे वेगळ्याच दिशेला बोट दाखवितात. २००७ साली स्टॉकहोममध्येच लार्सन यांना आढळले, की नायट्रेट घेतलेल्या निरोगी तरुणांना सायकलीवर तेवढेच काम करताना प्राणवायू कमी लागतो. त्यामुळे तर खेळाडू बीटाचा रस पिऊ लागले. लार्सन यांनीच २०१४ मध्ये १३ निरोगी माणसांवर पाहिले, तो तीन दिवस नायट्रेट घेतल्यावर स्वस्थ बसलेल्या शरीराचा ऊर्जाव्यय सुमारे ४ टक्क्यांनी घटलेला निघाला. ज्याने शरीर कमी खर्चात भागवू लागते त्याने वजन कमी होईल असे मानण्यास निदान या निरीक्षणातून आधार मिळत नाही. मिळालाच तर उलट मिळेल. शिवाय येथे दिलेली मात्रा दर किलो वजनामागे सुमारे ६ मिलिग्रॅम, म्हणजे वर सांगितलेल्या मर्यादेच्या दीडपटीहून अधिक होती, हेही लक्षात घ्यावयास हवे. मनुष्याचे वजन नायट्रेटने ठळकपणे उतरते असे दाखविणारा खात्रीचा पुरावा आजमितीस पुढे आलेला नाही. रक्तदाब थोडा उतरतो, हे मात्र अनेक प्रयोगांनी दाखविले आहे.

पालेभाज्या खाणाऱ्याचे वजन आटोक्यात राहते हे खरे, पण त्याचे श्रेय पाणी, चोथा आणि थोड्या उष्मांकात भरणारे पोट यांना द्यावे लागेल. नायट्रेटला ते परस्पर देऊन टाकणे शास्त्राला धरून होणार नाही. आपल्या आहारातील नायट्रेटचा फार मोठा भाग भाज्यांतूनच येतो. पालक, माठ, मुळा, बीट, कोथिंबीर यांत ते विपुल. पानांपेक्षा देठांत अधिक. ऊन कमी असताना वाढलेल्या आणि युरिया भरमसाट घातलेल्या भाजीत त्याहूनही अधिक. शंभर ग्रॅम पालकातच कधी कधी दोनशे मिलिग्रॅम भरते, आणि तरीही भाजी खाण्याचे हित तिच्यातल्या नायट्रेटच्या धोक्याहून मोठे आहे, असा निर्वाळा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००८ साली दिला. भाजीत नायट्रेटबरोबर क जीवनसत्त्व येते आणि ते नायट्रोसामीन तयार होण्याला अडथळा करते. सोरा घालून टिकविलेल्या मांसात अशी सोबत नसते, म्हणून त्या मांसाचा हिशेब वेगळा. वजनाच्या आशेने भाजीऐवजी भुकटी, आणि भुकटीऐवजी बाजारातला सोरा पोटात घालणे हा तर सरळ जिवाशी खेळ आहे. श्वेतपर्पटी गुंजांनी तोलणाऱ्या वैद्यांची सावधगिरी त्या बाबतीत आजही प्रमाण मानावी.

महाराष्ट्राला या विषयात खरी काळजी करावयाची असेल तर ती पाण्याची करावी. देशात पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि विदर्भ-मराठवाड्यातील कित्येक विहिरी व कूपनलिका ती ओलांडतात. शेतातील खत आणि वस्तीचे सांडपाणी ही त्याची मुख्य कारणे. मोठ्या माणसाला जे पाणी निभावते तेच तान्ह्या मुलाला निभावत नाही, कारण वजनाच्या मानाने ते पाणी कितीतरी अधिक पिते. ज्यांच्या घरी वरचे दूध विहिरीच्या पाण्यात कालवून दिले जाते त्यांनी आपल्या जिल्ह्यातील भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेतून त्या पाण्याची एकवार तपासणी करून घ्यावी, आणि तोवर उकळण्यावर विसंबू नये: उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही; पाणी आटते आणि त्याचे प्रमाण उलट वाढते.